आंदणाचा कूलर

मला घाम येतो. आता यात सांगण्यासारखं काय, घाम कुणाला येत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण एकदा मे महिन्यात पोशीरला या आणि माझ्या शेजारी बसून जेवून दाखवा. मला जेवताना घाम येतो, जेवण झाल्यावर येतो, आंघोळ करून अंग पुसताना तर इतका येतो की कुठलं पाणी आणि कुठला घाम ते टॉवेललाही कळत नाही. आई मला भिंतीला टेकू देत नाही. "रंग जातो रं भिंतीचा," म्हणते.

आमच्याकडचा उकाडाच तसा नालायक आहे. आकडा विचाराल तर पस्तीस-छत्तीस, सोलापूरवाल्याला सांगितलं तर तो हसेल. पण हवा आधीच पाण्यानं भरलेली, वर ढगाळलेलं, झाडाचं पान हलत नाही. आई त्या दिवसांत कुरडया घालते आणि रोज संध्याकाळी त्यांना शिव्या घालते, कारण दोन-दोन दिवस त्या वाळतच नाहीत. घामाचंही तेच असतं. घाम नुसता येऊन गारवा येत नाही, तो वाळला तर येतो. इथे तो वाळत नाही, गळत राहतो. गळून गेलेला घाम म्हणजे वाया गेलेला घाम. शरीर बिचारं आणखी सोडतं, तोही वाया जातो, आणि माणूस आतून तापत राहतो. हे सगळं मला आता कळतं. तेव्हा कळत असतं तर माझ्या लग्नात जे झालं ते झालं नसतं.

माझं काम इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या दुरुस्त करण्याचं. कर्जतच्या एका शाळेतला इन्व्हर्टर वारंवार बिघडायचा, आणि पुढे पुढे तर तो बिघडला नसतानाही मी बघायला जायचो, कारण तिथे एक बाई गणित शिकवायच्या. त्या सोलापूरकडच्या, भिसेगावात खोली घेऊन राहायच्या. आमचं दोघांचं ठरलं. माझ्या आईची ना नव्हती. राहता राहिले तिचे वडील, माझे होणारे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो.

मामांची अट एकच होती. "मला श्रीमंत नको, देखणा नको." इथवर मी खुशीत होतो. "अंगात दुखणं नको. आन् असलं तर आधी सांगायचं."

त्या अटीमागे कारण होतं. त्यांची थोरली मुलगी त्यांनी ज्या घरात दिली होती, त्या लोकांनी मुलाला फिट येतात हे लपवून ठेवलं होतं. लग्नानंतर कळलं. तिनं तरीही नवऱ्याचं सगळं केलं. पुढे एकदा तो विहिरीवर एकटा असताना फिट आली आणि तो गेला. सासरच्यांनी तिलाच पांढऱ्या पायाची ठरवून माहेरी धाडली. तेव्हापासून मामा धाकट्या मुलीच्या स्थळाकडे बाजारात बैल बघतात तसे बघायचे. मला त्यांचा राग यायचा, पण त्यांचं चुकत होतं असं काही म्हणता येणार नाही.

आणि असा माणूस मला बघायला आला तो नेमका मे महिन्यात. मी पोह्यांची बशी पुढे केली आणि माझ्या कोपरावरून पोह्यांत थेंब पडला. मामांनी बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पाव्हणं, एवढा घाम का येतोय ओ? हार्टचं काय हाय का?"

"आप्पा, इथं सगळ्यांनाच येतो," ती म्हणाली.

"आमच्याकडं बेचाळीसला पोरं ज्वारी मळतेत. शर्टावर नुसतं मीठ दिसतंय, पाणी न्हाय. हितं तर गारच हाय की!"

तिनं त्यांना मोबाईल दाखवला. त्यात तापमानाच्या खाली 'जाणवतं' म्हणून दुसरा, भला मोठा आकडा असतो. मामांनी तो चष्मा वर करून वाचला. "जाणवतंय म्हणजे? हाय का नुसतं वाटतंय?" असं म्हणून मोबाईल परत दिला. मग मी हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, याला घाम येतो, बाकी काही नाही. मामा तयार झाले, पण त्यांच्या डोळ्यांतला बैलबाजार काही उठला नाही.

लग्न पुढच्या मे महिन्यात ठरलं, शाळेला सुट्टी तेव्हाच असते म्हणून. खालापूरकडे पत्र्याचं मोठं मंगल कार्यालय घेतलं. मुहूर्त टळटळीत दुपारचा. आदल्या दिवशी तिचा फोन आला. "हे बघ, तू मांडवात नुसता डगमगलास ना, तरी ज्या जीपमधून येऊ त्याच जीपमधून आप्पा मला परत नेतील. गंमत करत नाही मी."

"नाही गं डगमगत," मी म्हटलं. माझा आवाज तेवढा डगमगला.

मग माझ्या चुलतभावानं डोकं लावलं. आमच्या घराण्यात डोकं लावायचं काम त्याच्याकडे आहे, आणि आमच्या घराण्याची अवस्था बघितली की ते कळतं. तो म्हणाला, "पाणीच प्यायचं नाय. टाकीत पाणी नाय तर नळाला येणार कुठून?" मला हे पटलं. बॅटरीत पाणी कमी झालं की काय होतं हे रोज बघणाऱ्या माणसाला हे पटावं म्हणजे कमाल आहे. आदल्या संध्याकाळपासून मी पाण्याचा थेंब घेतला नाही. शिवाय काखेत लावायची ती घाम थांबवणारी बाटली असते ना, ती आम्ही पाठ, पोट, कपाळ आणि मानेवर लावली. त्याच्यावर पावडरचा थर. त्याच्यावर भाड्यानं आणलेली मखमली शेरवानी आणि वर गुलाबी फेटा. आई म्हणाली, "असा काय रं दिसतोस? पेढ्यागत?"

तेवढ्यात सोलापूरची मंडळी आली. पुढे जीप आणि मागे टेंपो. टेंपोत दोरखंडानं बांधलेला कूलर उभा होता. असा कूलर मी जन्मात बघितला नव्हता. आमच्या गोठ्याच्या दारातून आत गेला नसता एवढा. चारी बाजूंनी वाळ्याच्या ताट्या आणि पुढे विमानाला शोभेल असा पंखा.

"लेकीला आंदण," मामा अभिमानानं म्हणाले. "ह्येच्यापुढं आमच्याकडं माणूस मे महिन्यात रग घिऊन झोपतंय. पाव्हण्यांचा घाम आता बंद!"

आमच्या पट्ट्यात असला कूलर कुणी घेत नाही. जिथली हवाच ओली तिथे आणखी पाणी फवारून काय मिळणार? आईनं माझी बाही ओढली. "अरं, आपल्याकडं याचा काय उपेग रं?" मी म्हटलं, "गप गं आई, व्याह्यांनी एवढ्या लांबून आणलाय." व्याह्यांच्या आंदणाला नावं ठेवणं आमच्यात पाप. सगळ्यांनी "वा वा, काय कूलर आहे" केलं. चुलतभावानं तर त्याला हळदकुंकूही वाहिलं.

कूलर बोहल्यासमोर लागला. त्यात पाणी ओतलं, बर्फाच्या लाद्या टाकल्या. आणि मग आमच्या बाजूच्या मंडळींनी वर कडी केली. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून कार्यालयाच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, दारांना पडदे सोडले. मामांच्या घरी म्हणे कूलर खिडकीत असतो आणि समोरचं दार सताड उघडं. पण आता आपल्या मानासाठी पाव्हणे एवढी धावपळ करतायत म्हटल्यावर मामाही काही बोलले नाहीत. दोन्हीकडच्या मोठेपणाची अशी गाठ पडली आणि तिच्यात मी अडकलो.

पहिला थोडा वेळ खरंच छान वाटलं. मग हवा जड झाली. कुकरमधून पाहुण्यांना वाफ देतायत असं वाटायला लागलं. रुखवतात उभे केलेले पापड मान टाकून बसले. बायकांच्या कपाळावरचं कुंकू नाकावर आलं. भटजींच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांना पुढचं दिसेना, म्हणून ते एकच मंगलाष्टक पुन्हा पुन्हा म्हणायला लागले. अक्षता तर टाकताच येईनात. लोक हात उगारायचे, झटकायचे, अक्षता तळव्याला चिकटलेल्या त्या चिकटलेल्याच. मग कुणीतरी जोर लावला आणि एक अख्खं ढेकूळ माझ्या कानावर बसलं.

माझी अवस्था काय सांगू. बाहेरून मी कोरडा ठाक. ती बाटली तिचं काम चोख करत होती. पण आत मी शिजत होतो. छाती धडधडायला लागली, पायांना मुंग्या आल्या, जीभ टाळूला चिकटली. मी समोर अंतरपाटाकडे बघत राहिलो. अंतरपाट दोन झाले. कूलरच्या फवाऱ्यानं फेट्याचा गुलाबी रंग ओला होऊन माझ्या डोळ्यात उतरला आणि दोन्ही अंतरपाट गुलाबी झाले. मी मनात म्हटलं, डगमगायचं नाही बाबा, डगमगायचं नाही. आणि मी डगमगलो नाहीच. सरळ, ताठ, अंतरपाट हातात धरून आडवा झालो.

भटजींना काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांनी "सावधान" म्हणून घेतलं.

शुद्धीवर येताना मला पहिला आवाज आला तो मामांचा. "थांबवा! बंद करा वाजंत्री! मी इचारलं हुतं. पाया पडून इचारलं हुतं, दुखणं हाय का म्हणून!" त्यांचा आवाज रडवेला झाला होता. आई म्हणत होती, "आवो व्याही, काय नाय वो त्याला, लहानपणापासनं ओलाच हाय तो." माझी होणारी बायको म्हणत होती, "आप्पा, ऐका तरी." मामा कुणाचं काही ऐकत नव्हते. ते तिला म्हणाले, "गाडीत बस."

मी डोळे उघडायची धडपड करत होतो. सगळं संपलं, हे मला स्पष्ट कळत होतं. एका घामापायी माझा संसार सुरू व्हायच्या आत मोडला होता, आणि उठून दोन शब्द बोलायचीही ताकद माझ्यात नव्हती.

तेवढ्यात मागून कुणीतरी आलं. थोरली. सकाळपासून ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसून होती, शुभकार्यात पुढे यायचं नाही म्हणून. आताही त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "अगं तू नको म्होरं येऊस." ती आली. माझ्यापाशी खाली बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं, पापणी उचलून बघितली, जबडा चाचपला, गालावर हात ठेवला.

"आप्पा," ती म्हणाली, "ह्ये त्ये न्हवं."

"तू गप."

"म्या लई येळा बघितलंय. दात आवळत्यात, हातपाय झाडत्यात. ह्यांचं तसलं काय न्हाय. ह्ये नुसतं उकडलेत. खिडक्या उघडा आदी! आन् तो कूलर बंद करा!"

तिचा आवाज असा होता की चुलतभाऊसुद्धा डोकं न लावता कामाला लागला. मला उचलून बाहेर आंब्याखाली नेलं. शेरवानी काढली. थोरलीनं पिंपातल्या पाण्यात गोणपाट बुडवून माझ्या अंगावर टाकला, आणि दोन बायका सुपानं वारा घालायला लागल्या. आई मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट पाजत होती. शालू खोचून नवरी आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"पाणी कधी प्यायलास?"

"काल."

"का?"

"घाम येऊ नये म्हणून."

तिनं कपाळावर हात मारला. थोरली मात्र माझ्याकडे बघतच राहिली. "लपवायला काय घावलं, तर घाम!" ती म्हणाली. "आवो, दुखणं वाईट नसतंय. म्या दुखण्याला कदी नावं ठेवली न्हाईत. लपवल्याली चीज वाईट. त्या दिशी अंगात कसंतरी हुतंय म्हणून माजा मालक मला सांगता, तर म्या त्यास्नी विहिरीवर एकटं सोडलं नसतं."

मामांनी पुटपुटून घेतलं, "छत्तीस डिग्रीत धडधाकट गडी पडत न्हाय."

"असं?" थोरली उठली. तिनं माझी मखमली शेरवानी त्यांच्यापुढे धरली. "मग घाला ही. डोक्याला फेटा बांधा, खिडक्या लावा, आन् व्हा कूलरपुढं उभं. मंगलाष्टकं संपेस्तोवर टिकलासा तर चला जीपमधी."

मामा म्हणजे बेचाळीस डिग्रीत ज्वारी मळलेला माणूस. अशाला कुणी पैजेला बोलावलं तर तो मागे हटतो होय? त्यांनी माझा गुलाबी फेटा डोक्याला बांधला आणि शेरवानी अंगात कोंबली. बटणं लागेनात, तशीच वरून उपरण्यानं बांधली. भटजी म्हणाले, नवरीच्या बापावर मंगलाष्टकं म्हणता येणार नाहीत, शास्त्रात नाही. मग आई म्हणाली, आरत्या म्हणू. पुन्हा खिडक्या लागल्या, पुन्हा कूलर सुरू झाला, आणि खालापुरात टळटळीत दुपारी सोलापूरच्या व्याह्यांना मध्ये उभं करून सगळं वऱ्हाड टाळ्या वाजवत आरत्या म्हणायला लागलं. मला दारात आणून बसवलं होतं, बघता यावं म्हणून. पहिल्या आरतीला मामा ताठ होते. "गार हाय की!" म्हणाले. दुसऱ्या आरतीला त्यांच्या मिशीतून गुलाबी पाणी गळायला लागलं. तरी "गार हाय" चालूच. तिसरी सुरू झाली तेव्हा त्यांनी आधाराला कूलर धरला होता, आणि "गार" म्हणून पुढचा शब्द त्यांना आठवेना.

दोघांनी धरून त्यांना आंब्याखाली आणलं, मागोमाग मलाही आणून तिथल्या ओल्या गोणपाटावर बसवलं. "बसा," सगळे म्हणत होते. "मी बसत न्हाय," ते म्हणाले आणि खोडाला धरून लटलटत उभे राहिले. थोरलीनं त्यांचीही शेरवानी काढली आणि आतली बंडी सैल केली. बंडीच्या आतल्या खिशातून काहीतरी तिच्या पायांवर पडलं. गोळ्यांचं पाकीट होतं, अर्धं वापरलेलं.

"ह्या कसल्या?" तिनं विचारलं.

"पचनाच्या," मामा म्हणाले.

माझ्या आईनं वाकून बघितलं. "आवो, या तर माज्याच गोळ्या! प्रेशरच्या. लाल पट्टीवाल्या. मी दोन वक्ताला घेते ना!" आईला कुणाशी काही जुळलं की फार आनंद होतो. मग सगळ्यांचे चेहरे बघून तिनं तोंडाला पदर लावला.

थोरली नुसती उभी होती. आप्पांना प्रेशर आहे हे तिला माहीत नव्हतं. घरात दोघंच राहायची, ती आणि आप्पा. रोज त्यांना जेवायला तीच वाढायची.

"कदीपास्नं?" ती म्हणाली.

"तू घरी आलीस त्या सालापास्नं." मामा तिच्याकडे बघत नव्हते.

"आन् मला सांगितलं न्हाय."

"तुजं एकाचं करून झालं हुतं गं. परत दुसऱ्याचं कशाला?" आता ते सरळ रडायलाच लागले, गालावरून गुलाबी ओघळ घेऊन. हसावं की रडावं तेच कळत नव्हतं. मला तर दोन्ही येत होतं. "तुला कळलं असतं तर तू माज्याजवळच बसून ऱ्हायली असतीस. मला तुला परत हुबं करायचं हाय गं पोरी, कुठंतरी. म्हणून मी हुबा हाय अजून."

तिनं पाकीट उचललं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. मग डोळे पुसले, वडिलांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"मी हुबीच हाय, आप्पा," ती म्हणाली. "तुमी बसा आता."

आणि मामा माझ्या शेजारी, ओल्या गोणपाटावर, खाली बसले.